भुसावळच्या उन्हात २००१ ची सिटी व्हीटेक: घरी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

प्रश्न थोडक्यात असा. भुसावळला २००१ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक आहे, १ लाख ६० हजार किमी झालेली. सकाळी अर्ध्या सेल्फवर चालू होते. दुपारी बाजारात वीस मिनिटं उन्हात उभी राहिली की सेल्फ फिरतो, पण इंजिन घेत नाही. काचा खाली करून दहा मिनिटं थांबलं की काही झालंच नव्हतं अशी चालू होते. एसी लावून रहदारीत अडकलं की तापमानाचा काटा वर सरकतो. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते माहीत नाही. काम घरच्या शेडमध्ये स्वतः करायचं आहे. त्यानंतर कोन फिल्टर (मूळ डब्याऐवजी लावायचा उघडा एअर फिल्टर), फ्री-फ्लो म्हणजे मोकळा सायलेन्सर, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आणि १५ इंची अलॉय टाकायचे आहेत.

भाऊ, या इंजिनात मुळात काही कमी नाही. १४९३ सीसीमधून १०६ बीएचपी काढणारं इंजिन त्या काळच्या आपल्याकडच्या गाड्यांत दुर्मीळ होतं. तुमच्या गाडीला अपग्रेडपेक्षा आधी ऊन सोसेल अशी दुरुस्ती हवी आहे. खरेदीच्या यादीतल्या निम्म्या वस्तू उन्हाचा त्रास वाढवणाऱ्या आहेत, त्यावर शेवटी बोलू.

दुपारी चालू न होण्याचं पहिलं संशयित ठिकाण मेन रिले आहे. ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आणि पेट्रोल पंप या दोघांना वीज देणारा हा सात पायांचा डबा डॅशखाली स्टिअरिंगच्या बाजूला बसतो. चावी फिरवल्यावर जिथून टिक आवाज येतो तिथे हात घाला. आतल्या पट्टीवर जाड पायांभोवती जी झाळ आहे, तिला वर्षानुवर्षं तापून-निवून अंगठीसारखी बारीक चीर पडते. सकाळी चीर मिटलेली असते. बंद काचांची गाडी मे महिन्यात उन्हात तापली की पाय प्रसरण पावतो, चीर उघडते आणि वीज तुटते. काचा खाली करून गाडी निवली की पुन्हा जोडते. तुमचं लक्षण शब्दशः हेच आहे.

पण अंदाजावर पार्ट बदलू नका. पुढच्या वेळी गाडी अडली की सेल्फ मारण्याआधी चावी फक्त ऑनवर ठेवा आणि दोन गोष्टी बघा. चेक इंजिनचा दिवा लागून दोन सेकंदांनी विझला का? मागच्या सीटखालून पंपाचा दोन सेकंदांचा घूं आवाज आला का? दिवाच लागला नाही, तर रिलेचा ईसीयूकडचा भाग मेला आहे. दिवा नीट लागून विझला, पण पंप गप्प, तर पंपाकडचा भाग गेला. दोन्ही ठीक असतील तर रिलेला हात लावू नका, प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे वळा.

रिले घरी दुरुस्त होतो. बॅटरीची निगेटिव्ह काढा, रिले सोडवा, प्लॅस्टिकचं झाकण चपट्या पेचकसने हळूच उचका. भिंगाखाली पाहिलं तर चिरा दिसतात. दिसल्या नाहीत तरी सगळ्या जाड पायांची जुनी झाळ शोषून घ्या आणि फ्लक्स लावून ६०/४० शिशाने नवी मारा. इथे लोक चुकतात ती गोष्ट म्हणजे २५ वॅटची रेडिओवाली सोल्डरिंग इस्त्री. जाड पितळी पाय तिची उष्णता खाऊन टाकतो, वरून चकचकीत गोळा बसतो आणि आत जोड कच्चा राहतो. ५० ते ६० वॅटची घ्या, पाय तीन-चार सेकंद तापू द्या, शिसं स्वतःहून पायावर चढलं पाहिजे. झाकण लावण्याआधी गाडीला जोडून हेअर ड्रायरने पाच मिनिटं तापवा आणि पंप घूं करतो का ते पाहा. ही चाचणी दुपारच्या बाजारातल्या चाचणीपेक्षा बरी.

डिस्ट्रिब्युटरमध्ये कॉइल आणि इग्नायटर (कॉइलची वीज चालू-बंद करणारा भाग) दोन्ही आतच बसलेले आहेत आणि दोघांनाही उष्णता मारते. कॉइलची प्रायमरी सुमारे ०.६ ते ०.८ ओहम, सेकंडरी साधारण १३ ते १९ किलोओहम. हे आकडे २० अंशांना धरलेले आहेत. तांब्याचा रोध दर अंशाला ०.४ टक्के वाढतो, म्हणजे ४२ अंशांच्या शेडमध्ये रीडिंग आठ-नऊ टक्के जास्त येणारच; तेवढ्यावरून कॉइल फेकू नका. मल्टिमीटरच्या वायरींचा स्वतःचा ०.२-०.३ ओहम रोधही वजा करा, नाहीतर चांगली प्रायमरीही खराब दिसेल. कॉइल बरोबर, पंप चालू, चेक इंजिनचा दिवाही ठीक, तरी गरम असताना ठिणगी नाही, तर इग्नायटर. नवा बसवताना त्याच्या पाठीमागे उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट लावायची असते. ती न लावल्यामुळे नवा इग्नायटरही वर्षभरात जळतो आणि दोष पार्टवर ढकलला जातो. डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी त्याची बॉडी आणि हेड यांवर एकाच रेषेत खूण ओरखडून ठेवा. बाहेर आलाच आहे तर बाहेरची ओ-रिंग बदला. टोपीच्या आत तेल सापडलं तर आतलं ऑइल सील गेलेलं आहे.

त्याच वेळी प्लग काढून बघा. गॅप १.१ मिमी, एनजीकेच्या प्लगच्या नावाच्या शेवटी ११ असतं ते याचंच. वायर प्रत्येकी २५ किलोओहमच्या आत हवी. प्लगच्या विहिरीत तेल साचलं असेल तर हेड कव्हरखालच्या चार नळ्यांची सील बदलायला झाली आहेत. ते काम टॅपेट, म्हणजे वाल्वची फट, सेट करताना उरकेल.

आता कुलिंग. खानदेशात याला सर्वांत जास्त वेळ द्या.

काटा फक्त एसी लावून उभं असताना चढतो आणि हायवेला खाली येतो, तर दोष बहुधा हवेच्या वाटेत आहे. पाण्याचा पंप किंवा हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं) नंतर बघा. पुढची जाळी काढून एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारा. कापसाच्या दिवसांत बैलगाड्या आणि ट्रॅक्टरमागून चालवलेल्या गाडीत तिथे धूळ आणि सरकीचा कापूस यांची गोधडीच विणलेली सापडते. बाहेरून पाणी मारून ती अजून घट्ट बसते. वरचे ब्रॅकेट सोडवून रेडिएटर दोन बोटं मागे घ्या, मऊ ब्रशने कापूस काढा आणि इंजिनाच्या बाजूने पुढे, म्हणजे उलट दिशेने, कमी दाबाचं पाणी सोडा. वॉशिंग सेंटरची बंदूक लावली तर पत्र्या झोपतात.

पंखे दोन आहेत. एसी लावला की दोन्ही फिरले पाहिजेत. रेडिएटरचा पंखा साधारण ९१ ते ९५ अंशांना चालू करणारा स्विच असतो. त्याचं कनेक्टर काढून दोन पिना वायरीच्या तुकड्याने जोडा. पंखा फिरला तर मोटर आणि रिले ठीक, स्विच खराब. फिरतो पण मेल्यासारखा, तर ब्रश झिजले आहेत.

रेडिएटरचं झाकण १.१ बारचं हवं. हा स्वस्त पार्ट कोणी बदलत नाही. दाब धरला नाही तर पाणी लवकर उकळतं, आणि त्याचा उलटा व्हॉल्व्ह अडकला तर इंजिन गार होताना खालचा होज चपटा होतो. सकाळी बॉनेट उघडल्यावर होज आत ओढलेला दिसला की झाकण बदला.

बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड आहे, किटलीच्या तळाला जो पांढरा थर बसतो तोच ॲल्युमिनियमच्या हेडच्या वाटांत बसतो. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घ्या. थंडीत गोठण्याचा आपला प्रश्न नाही म्हणून कुलंट कमी टाकण्याचा सल्ला मिळेल. पण कुलंट उकळबिंदू वाढवतं आणि गंज रोखतं, आपल्याला तेच पाहिजे. भरताना हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा, थर्मोस्टॅटच्या घराजवळचा हवा सोडायचा बोल्ट ढिला करा आणि बुडबुड्याविना धार आली की घट्ट करा. मग झाकण उघडं ठेवून पंखा दोनदा चालू होईपर्यंत इंजिन चालवा, पातळी भरा, झाकण लावा.

आणि थर्मोस्टॅट काढून टाकू नका. ‘काढून टाका, गाडी थंड चालेल’ हा सल्ला तुम्हाला जळगावपासून नंदुरबारपर्यंत मिळेल. थर्मोस्टॅट नसेल तर हायवेला इंजिन कधी नीट तापतच नाही, ईसीयू गार इंजिन समजून जास्त पेट्रोल ओतत राहतो, ॲव्हरेज पडतं आणि ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन नेतं. शिवाय रहदारीत काटा चढायचा तो चढतोच, कारण तिथे थर्मोस्टॅट तसाही उघडाच असतो. जुना काढून पाण्याच्या पातेल्यात तापवा. ८० अंशांच्या आसपास उघडायला लागला नाही तर नवा.

एवढं करूनही काटा चढला, तर रिझर्व्ह डब्यात सतत बुडबुडे येतात का ते पाहा. आले तर हेड पॅकिंग, आणि ते काम शेडमधलं नाही.

टायमिंग बेल्टचा इतिहास माहीत नाही, म्हणजे तो संपलेला आहे असं धरायचं. १ लाख किमी किंवा पाच वर्षं, जे आधी येईल ते. वर्षं आपल्याकडे आधी संपतात, कारण रबर उन्हाने कडक होतं. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन वाल्वना धडकतो. बेल्ट, टेन्शनर, पाण्याचा पंप, कॅम आणि क्रँकचं सील एकाच वेळी घ्या. पंप बेल्टच्या मागे आहे, त्याच्यासाठी पुन्हा सगळं उघडण्यात शहाणपण नाही.

क्रँक पुलीचा बोल्ट हा या कामातला खरा पहिलवान. हे इंजिन पुलीच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. त्यामुळे पाना चॅसीला अडकवून सेल्फ मारण्याची इतर गाड्यांवरची युक्ती इथे बोल्ट सोडत नाही, उलट घट्ट करते आणि पाना उडून हात मोडतो. पुलीच्या मधल्या ५० मिमी षटकोनात बसणारा होल्डर मिळतो, तो घ्या. त्याचा दांडा जमिनीला टेकवा आणि गोटीच्या (सॉकेटच्या) दांड्यावर चार फुटांचा पाइप चढवा. परत बसवताना टॉर्क सुमारे १८० न्यूटन-मीटर.

खुणा जुळवताना कॅम पुलीवरचा ‘अप’ शब्द वर आणि तिच्या दोन बाजूंच्या रेघा हेडच्या पृष्ठभागाशी समांतर हव्यात. क्रँकवर पांढरी खूण जुळवा. लाल खुणा इग्निशन टायमिंगच्या आहेत, त्यांच्याशी बेल्ट जुळवला तर गाडी चालू होते पण ओढत नाही. बेल्ट चढला की इंजिन हाताने पाच-सहा फेरे उलट दिशेनेच फिरवा आणि पुन्हा एक नंबरच्या टीडीसीवर (पिस्टन अगदी वर असतो तिथे) आणा. टेन्शनरचा बोल्ट अर्धा फेरा ढिला करा, कॅम पुलीचे तीन दात पुढे जातील इतकं फिरवा, आणि बोल्ट ४४ न्यूटन-मीटरला कसा. ते तीन दात वगळले तर बेल्ट ढिला राहतो आणि गार इंजिनात फडफडतो.

बेल्ट झाला की टॅपेट. इनटेक ०.१८ ते ०.२२ मिमी, एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२७. होंडाची अट आहे की हेड ३८ अंशांच्या खाली असावं. मे महिन्यात दुपारी आपल्या शेडमधली हवाच ४४ असते. न चालवलेलं इंजिनसुद्धा गार नसतं. म्हणून रात्री गाडी लावा आणि पहाटे पाचला कव्हर उघडा, नाहीतर दिवाळीनंतर करा. सिलिंडरचा क्रम १, ३, ४, २. एक झाला की क्रँक उलट दिशेने अर्धा फेरा, म्हणजे कॅम पुली पाव फेरा. इनटेकला प्रत्येक सिलिंडरवर तीन रॉकर दिसतील. मधला व्हीटेकचा (जास्त फेऱ्यांवर वाल्व जास्त उघडणाऱ्या यंत्रणेचा), त्याला स्क्रू नसतो, बाजूचे दोन सेट करायचे. मधला बोटाने दाबून बघा, स्प्रिंगसारखा परत आला पाहिजे. फिलर गेज किंचित अडखळत सरकावं. गाडीला आधी गॅस किट असेल तर एक्झॉस्टची फट कमी झालेली सापडेल, कारण वाल्वची सीट झिजून वाल्व वर सरकतो. वाजणाऱ्या टॅपेटची भीती बाळगू नका. आवाज बंद झालेला घट्ट एक्झॉस्ट वाल्व जळतो.

तेल फिल्टरसह सुमारे ३.३ लिटर. १० डब्ल्यू ३० नवीन इंजिनाला. १ लाख ६० हजारांवर, आपल्या उन्हात, १० डब्ल्यू ४० चालेल. व्हीटेक लागत नाही अशी तक्रार असेल तर आधी डिपस्टिक बघा, मग हेडच्या बाजूच्या सोलेनॉइडची गाळणी. तिच्यात पॅकिंगचे तुकडे आणि काळी जळमटं अडकलेली असतात. तेल पीत असेल तर रिंगांचा खर्च काढण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ परत इनटेकला सोडणारा) हलवून खुळखुळतो का बघा.

पेट्रोलच्या नळ्या २५ वर्षांच्या आहेत आणि पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. जुनं रबर त्याने फुगतं आणि चिरतं. इंजेक्शनच्या दाबाची ३० आर ९ छापलेली नळी घ्या, साधी कार्ब्युरेटरची नको; क्लिपही गोल कडेच्या घ्या. उघडण्याआधी पेट्रोल फिल्टरवरचा छोटा बोल्ट चिंधी धरून ढिला करा, दाब तिथे जाऊ द्या. गार इंजिनावर, दार उघडं ठेवून, आणि शेडमधला इन्व्हर्टर बंद करून. इथेनॉल टाकीतली जुनी घाण सोडवतं, त्यामुळे नळ्या बदलल्यावर फिल्टरही लगेच बदला.

ब्रेकवर पैसे घाला. डॉट ४ तेल दर दोन वर्षांनी. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषलेलं १५५ पर्यंत खाली येऊ शकतं. कन्नडचा घाट उतरताना पॅडल मऊ होण्यामागे बहुधा हेच असतं. पुढचे रबरी होज मूळ असतील तर ते बदलल्यावर जो फरक पडतो तो भोकं पाडलेल्या डिस्कने पडत नाही. कॅलिपरच्या पिनांना सिलिकॉन ग्रीसच. साध्या ग्रीसने रबर फुगून पिन अडकते.

जॅकबद्दल एकच. शेडची जमीन काळ्या मातीची असेल तर घोडीचे (गाडी तोलून धरणाऱ्या स्टँडचे) पाय रुततात. खाली १२ मिमीची लोखंडी प्लेट किंवा जाड सागाची फळी टाका. विटा कधीच नको.

आता तुमची यादी. कोन फिल्टर नको. बाहेर ४५ अंश असताना बॉनेटखालची ६५ अंशांची हवा ओढली तर तिची घनता सुमारे सहा टक्के कमी, म्हणजे तेवढी ताकद आवाजाच्या बदल्यात गेली. मूळ डबा बाहेरून हवा घेतो. त्याची पुढची नळी तुटलेली असेल तर ती शोधून बसवा. फ्री-फ्लोने या इंजिनाचा खालचा ओढा कमी होतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत फेरबदल अडचणीत आणतो. तुमच्या गाडीचं नोंदणी नूतनीकरण २०१६, २०२१ नंतर २०२६ मध्ये येतं, तेव्हा जळगावच्या आरटीओत ती जशी होती तशी दिसलेली बरी. स्प्रिंगा खाली करायचा विचार गावाकडच्या बिनरंगी गतिरोधकावर एकदा ऑइल पॅन घासला की जातोच; त्याऐवजी नवे शॉकअप, वरचे माउंट आणि लोअर आर्मचे बुश घाला. गाडी वळणावर बसते ती त्याने.

मी सुचवेन ते अपग्रेड म्हणजे हेडलाइटचा रिले. पंचवीस वर्षांच्या स्विचमधून बल्बपर्यंत व्होल्टेज किती पोचतं ते मोजा. बॅटरीवर १४ आणि बल्बवर १२.५ असेल तर प्रकाशाचा मोठा भाग वाटेतच गेला. बॅटरीपासून फ्यूज घालून २.५ चौरस मिमीची वायर, दोन रिले, जुना स्विच फक्त रिले चालवायला. त्याच ५५/६० वॅटच्या बल्बने रात्री साक्रीकडचा रस्ता वेगळा दिसतो.

अलॉय घ्यायचेच असतील तर १४ इंचीवर थांबा. पीसीडी (नटांच्या वर्तुळाचं माप) ४ बाय १००, म्हणजे चार नट, १०० मिमी, हबचं मधलं भोक ५६.१ मिमी, अलॉयचं भोक मोठं असेल तर रिंग घाला. आणि नट नीट बघा. होंडाच्या मूळ नटाचं टोक गोल वाटीसारखं असतं, बाजारातल्या बहुतेक अलॉयचं शंकूसारखं. एकाचे नट दुसऱ्याला लावले की कडेवरच टेकतात, घट्ट वाटतात आणि चालताना सुटतात. १२ बाय १.५ चे, अलॉयला जुळणाऱ्या टोकाचे सोळा नट वेगळे घ्या, १०८ न्यूटन-मीटरला कसा, आणि जळगावला जाऊन आलात की गार चाकांवर पुन्हा तपासा.